कमी, पण कशाच्या मानानं?

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या रस्त्यांवर दोन वर्दळी समोरासमोर येतात. एकीकडे ट्रक-ट्रॅक्टरात संसार भरून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघालेल्या असतात. दुसरीकडे पुण्या-मुंबईत नोकरीला लागलेली पोरं दिवाळीला घराकडे येत असतात. टोळीच्या गाठोड्यात पीठ-मीठ, तवा, कोयते आणि तंबाखूच्या पुड्या. पोरांच्या सॅकमध्ये लॅपटॉप, चार्जर आणि हल्ली एखाद्याच्या सॅकमध्ये पेनड्राइव्हपेक्षा थोडी मोठी, गोडसर वासाची एक नळी.

खालचं बोलणं त्या नळीवरून निघालेलं आहे. मामा, भाचा आणि मामी ही पात्रं मी रचलेली आहेत. केज-अंबाजोगाईकडे अशी माणसं घरोघर भेटतात, म्हणून नावं द्यायची गरज वाटली नाही. मामा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि सगळी नोकरी प्राथमिक आरोग्य केंद्रांत काढून निवृत्त झाले. भाचा हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करतो. दोघांचंही वाचन दांडगं आणि दोघांनाही आपण वाचलं तेवढंच खरं वाटतं. त्यांच्या तोंडचे आकडे आणि संशोधन मात्र रचलेलं नाही.

मामा : मघापासून काय खेळायलास त्या नळीशी? खिशात घालतोस, काढतोस.

भाचा : वेप आहे मामा. तुमच्यापासून काय लपवायचं. दिवसाला दहा-बारा सिगारेटी ओढायचो, त्या सोडल्या. आता हे.

मामा : सोडल्या म्हणतोस, अन् नाकातोंडातून धूर तर निघायलाय.

भाचा : धूर नव्हे, वाफ. सगळा फरक तिथंच आहे.

मामा : पाण्याची वाफ आहे होय ती?

भाचा : नाही, तेवढं मलाही कळतं. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि वासाची रसायनं. बॅटरीनं आतली बारीक तार तापते, तिच्याभोवतीचा द्रव उडतो आणि तो आपण ओढतो. यात काही जळत नाही. सिगारेटचा झुरका घेताना टोकाला नऊशे अंशांच्या आसपास तापमान जातं. तंबाखू जळते आणि त्या जळण्यातून सात हजारांवर रसायनं तयार होतात. त्यातली सत्तरएक कर्करोग करणारी. डांबर, कार्बन मोनॉक्साइड, सगळं त्यातच. माणूस ओढतो निकोटीनसाठी आणि मरतो डांबरानं, हे ब्रिटनच्या मायकेल रसेलनी १९७६ सालीच सांगितलं होतं. मी डांबर वगळलं आणि निकोटीन ठेवलं.

मामा : रसेल बरोबर बोलले. त्यावर माझं तुझं भांडण नाही. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा सिगारेटशी संबंध दाखवला. मग डॉलनी १९५१ पासून ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा पाठपुरावा केला, पन्नास वर्षं. २००४ साली निष्कर्ष आला की आयुष्यभर ओढणाऱ्याचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी होतं. सिगारेटइतकी माणसं मारणारी दुसरी विकत मिळणारी वस्तू मला दाखव. तिच्या मानानं तुझी नळी कमी वाईट असणारच. सिगारेटच्या शेजारी उभं केलं की काहीही कमी वाईट दिसतं.

भाचा : मग मान्य करा ना. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य संस्थेनं २०१५ साली वेप ९५ टक्के कमी घातक आहे असं सांगितलं होतं.

इथं मला मध्ये तोंड घालावंसं वाटतं. हा ९५ चा आकडा जगभर फिरला, पण तो कुठल्या प्रयोगशाळेत मोजलेला नाही. २०१४ साली डेव्हिड नट आणि त्यांच्याबरोबरच्या डझनभर तज्ज्ञांचा एक निबंध छापून आला. त्यांनी एकत्र बसून निकोटीनच्या वेगवेगळ्या वस्तूंना घातकपणाचे गुण दिले होते. सिगारेट शंभरच्या घरात, वेप चारच्या आसपास. ठोस पुरावा थोडा आहे, अशी कबुली त्यांनी स्वतःच दिली होती. 'लॅन्सेट'नं २०१५ साली या आकड्यावर टीका केली. पण आकड्याला पाय फुटतात आणि कबुलीला फुटत नाहीत. २०२२ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजनं ब्रिटिश सरकारसाठी मोठा आढावा घेतला, तेव्हा भाषा बदललेली होती. अल्प आणि मध्यम मुदतीत वेपचा धोका सिगारेटच्या एका लहान हिश्शाइतका. पण ज्यानं कधी ओढलीच नाही त्याच्यासाठी वेप निर्धोक मुळीच नाही. यात टक्का नाही, म्हणून हे वाक्य कुणाच्या तोंडी बसलं नाही. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.

भाचा : ९५ सोडा. लघवी तपासून केलेला अभ्यास आहे, २०१७ सालचा, 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मधला. जे पूर्णपणे वेपवर आले आणि सहा महिन्यांहून जास्त काळ तिथेच राहिले, त्यांच्या लघवीत तंबाखूतल्या एका जहाल कर्करोगकारकाची खूण सिगारेटवाल्यांपेक्षा ९७ टक्के कमी होती. हे काही तज्ज्ञांचं मत नाही, मोजमाप आहे.

मामा : वाचलाय मी तो. त्याच अभ्यासात जी माणसं वेपही ओढत होती आणि सिगारेटही, त्यांचं काय झालं ते सांग.

भाचा : त्यांच्यात फारसा फरक पडला नव्हता.

मामा : आता खरं सांग. शुक्रवारी रात्री दोस्तांबरोबर बसतोस तेव्हा?

भाचा : एखादी. कधीतरी दोन. ती काय ओढण्यात जमा आहे का?

मामा : जमा आहे, अन् चांगली जमा आहे. 'बीएमजे'मध्ये २०१८ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब आला. रोज वीस सिगारेटी ओढणाऱ्या पुरुषाला हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, त्यातला निम्म्याच्या आसपास धोका रोज एकच ओढणाऱ्यालाही असतो. फुप्फुसाचं गणित सिगारेटींच्या संख्येबरोबर वाढत जातं, हृदयाचं तसं नाही. पहिल्या एक-दोन सिगारेटींतच ते अर्धी रक्कम वसूल करतं. तुझी शुक्रवारची म्हणजे रोजची नव्हे, हे मान्य. पण दिवसभर वेप आणि अधूनमधून सिगारेट अशी जी पोरं आहेत ना, त्यांनी सिगारेट सोडलेली नाही. त्यांनी निकोटीनची वेळ वाढवून घेतली आहे.

भाचा : पण निकोटीननं कर्करोग होत नाही.

मामा : कर्करोगाच्या यादीत ते नाही, बरोबर. पण ते नाडी वाढवतं, रक्तदाब वाढवतं, पोटातल्या बाळाला बाधतं आणि सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या अजून वाढत असलेल्या मेंदूला सवय लावून ठेवतं. तुझ्या वाफेत निकोटीन एकटं येत नाही. तापलेल्या तारेतून निकेल, क्रोमियम, शिसं थोडं थोडं येतं. द्रव जास्त तापला की फॉर्मल्डिहाइड होतं. सिगारेटपेक्षा कमी, पण स्वच्छ हवेपेक्षा जास्त. अन् दुसरं, हे यंत्र हॉन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञानं २००३ च्या सुमारास काढलं. त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगानं गेले होते. म्हणजे अवघी वीस-बावीस वर्षं झाली. सिगारेटची ओळख पटायला लोकांना पिढ्या लागल्या. चाळीस वर्षं वेप ओढलेला माणूस अजून जगात जन्मायचाय.

भाचा : म्हणून जो ओढायलाय त्यानं चाळीस वर्षं थांबून सिगारेटच ओढायची?

मामा गप्प. भाच्याचा हा सवाल टाळण्यासारखा नाही, आणि आपल्याकडच्या बऱ्याच आरोग्य-व्याख्यानांत तो टाळला जातो.

मामा : हे बघ, आपल्याकडच्या विहिरी तू पाहिल्यात. साठ फूट खोल विहिरीपेक्षा वीस फुटांची कमी खोल, हे खरंच. पण पोहता न येणाऱ्याला वीस फूटही पुरेसे असतात.

भाचा : आणि जो साठ फुटांवर गटांगळ्या खायलाय, त्याला वीस फुटांवरची पायरी दाखवायची की नाही?

मामा : दाखवायची. तिथंच बसून राहू द्यायचं नाही.

भाचा : मग पायरीवर बंदी कशाला? केंद्र सरकारनं सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम काढला, वर्षअखेरीस त्याचा कायदा केला. बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं, सगळं गुन्हा. पहिल्या खेपेला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठा सापडला तर सहा महिने. आणि आपल्या कोपऱ्यावरच्या टपरीवर सिगारेट, विडी, जर्दा, सगळं लटकलेलं. एलआयसी सिगारेटी बनवणाऱ्या आयटीसीची मोठी भागधारक आहे, म्हणजे तुमच्या विम्याचा पैसाही त्यातच. जास्त मारणारं खुल्या बाजारात आणि कमी मारणारं चोरबाजारात. हा कुठला न्याय?

मामा : हा मुद्दा मला खोडता येत नाही. पण सरकारनं तेव्हा अमेरिकेकडं बघितलं होतं. २०१९ साली तिथल्या हायस्कुलातली २७.५ टक्के पोरं वेप ओढत होती. त्यातल्या बहुतेकांना विडी-सिगारेट सोडायची नव्हती. त्यांना आंब्याचा, पुदिन्याचा वास आवडला होता. आयसीएमआरनं त्याच वर्षी पूर्ण बंदीची शिफारस केली. आपल्याकडं तेव्हा हे खूळ शाळेपर्यंत आलं नव्हतं. येण्याआधी दार लावलं.

भाचा : अमेरिकेत २०२४ साली तोच आकडा ७.८ टक्क्यांवर आलाय, विक्री पूर्ण बंद न करता. आणि दार लावल्याचं काय सांगता? गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून बंदी आहे. सुटी सिगारेट विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही, हा कायदा २००३ चा. चला, दोघं कोपऱ्यावर जाऊ. पाच मिनिटांत तिन्ही आणून दाखवतो.

मामा : नको. दाखवायची गरज नाही.

भाचा : ब्रिटननं बघा कसं केलं. २०२३ साली सरकारनंच दहा लाख ओढणाऱ्यांना वेपचे संच द्यायची योजना जाहीर केली.

मामा : आणि त्याच ब्रिटननं १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या वेपवर बंदी घातली. तुझी नळी फेकायचीच ना? आण इकडं.

मामांनी चष्मा लावला आणि नळी उजेडात धरली. एका बाजूला फळाचं चित्र, खाली इंग्रजीत कंपनीचं नाव, त्याखाली ५ टक्के. भारतातल्या आयातदाराचं नाव नाही, छापील किंमत नाही, इशारा नाही. सिगारेटच्या पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागेत सडलेल्या घशाचं नाहीतर तोंडाचं चित्र असतं. या नळीवर ब्लूबेरी.

मामा : पाच टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम निकोटीन. ब्रिटनमध्ये कायद्यानं मर्यादा २० ची. म्हणजे तू ज्यांच्या अभ्यासाचे दाखले द्यायलास, त्यांच्या देशात ही नळी दुकानात ठेवताच येणार नाही. तिथं प्रत्येक माल सरकारकडं नोंदवावा लागतो. तुझ्या मालात काय भरलंय ते भरणाऱ्यालाच ठाऊक. २०१९ साली अमेरिकेत वेप ओढणारी तरुण माणसं अचानक धाप लागून दवाखान्यात यायला लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दाखल झाले किंवा दगावले, मेले ६८.

भाचा : ते गांजाच्या अर्काचं प्रकरण होतं मामा. चोरट्या मालात व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट मिसळलं होतं. साध्या निकोटीनच्या वेपशी त्याचा संबंध जोडणं बरोबर नाही.

मामा : बहुतेकांचं तसंच होतं, खरं आहे. रोग चोरट्या मालातून आला. आता सांग, तुझा माल कुठला?

भाचा : चोरटाच. पण तो चोरटा कुणी केला? बंदीनंच ना?

हा वाद इथून पुढं गोल फिरतो. मामा म्हणणार, चोरट्या मालाचा भरवसा नाही म्हणून ओढू नको. भाचा म्हणणार, भरवशाचा माल विकू द्या. दोघंही बरोबर आहेत. फक्त धोका आज ओढणाऱ्याच्या फुप्फुसात जातो आणि कायदा बदलायचा तेव्हा बदलेल. माझ्या मते पुण्यात वेप ओढणाऱ्यानं लंडनचा आकडा आपल्या खात्यावर मांडू नये. तो आकडा त्याच्या मालाचा नाही.

एवढ्यात मामी चहा घेऊन ओसरीवर आल्या आणि पदराच्या गाठीतून डबी काढून उंबऱ्याशी टेकल्या. बामची जुनी डबी, आत काळी कुळकुळीत पूड.

मामी : चालू द्या तुमचं. म्या धूर बी काढत न्हाई अन् वाफ बी काढत न्हाई.

भाचा : मामी, तुम्ही अजून मिसरी लावता? घरात डॉक्टर असून?

मामी : डाक्टर दवाखान्यात. मिसरी लावल्याबिगर सकाळी पोट साफ होत न्हाई मला. दाढ दुखत होती तवा आईनं लावायला शिकवलं, तवापासून हाय. मला काय झालंय?

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तंबाखूची पानं तव्यावर टाकतात, मंद जाळावर काळी होईपर्यंत हलवतात. त्या वासानं शेजारच्या घरातल्यांना ठसका लागतो, लहान पोरांना बाहेर पिटाळावं लागतं. मग ती चुरून, फडक्यातून गाळून डबीत भरायची. सकाळी एकदा हिरड्यांवर घासायची, मग दुपारी, मग कामाच्या मधे, मग नुसतीच. दात घासण्याच्या नावाखाली निकोटीन हिरडीतून रक्तात जातं आणि त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. बाईनं विडी ओढली तर गाव बोलेल. मिसरीला सासूसुद्धा बोलत नाही, कारण तीही लावते.

मामा : आता तुला माझं खरं दुखणं सांगतो. सरकारच्याच पाहणीत, २०१६-१७ सालच्या, महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारी प्रौढ माणसं निघाली ३.८ टक्के. आणि धूर न काढता तंबाखू घेणारी २४.४ टक्के. एकाला सहा. तू तासभर वेप विरुद्ध सिगारेट हा हिशेब मांडायलास. तो लंडनचा हिशेब आहे. आपल्याकडं मावा, गायछाप, मिसरी, गुटखा. यांच्यात डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही, घेताना काही जळत नाही. तुझ्या रसेलच्या हिशेबानं सगळे सुटायला पाहिजेत. अन् तरी तोंडाच्या कर्करोगाचे रोगी बार्शीला आणि संभाजीनगरला रांगा लावून बसतात.

भाचा : पण मामा, २०२० चा राष्ट्रीय कर्करोग नोंदणीचा अहवाल मी बघितलाय. देशातल्या नोंदण्यांमध्ये पुरुषांत सगळ्यात कमी दर उस्मानाबाद-बीडचा होता. लाखाला ३९.५. मिझोराममधल्या ऐजॉलचा २६९.४. आपण तर तळाला आहोत.

मामा : बरं झालं तू काढलंस. नोंदणी कुणाची होते? जो दवाखान्यात पोचतो, ज्याचा तुकडा तपासायला जातो, त्याची. मला वाटतं, त्या कमी आकड्यात थोडं नशीब आहे आणि थोडी न पोचलेली माणसं आहेत. किती कशाचं, ते मी छातीठोक सांगणार नाही. पण माझ्या नोकरीत मी काय पाहिलं ते ऐक. पहाटे तीन-चारला कोयता फडात शिरतो. तू पुण्यात राहून विसरला असशील, इथं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल डोक्यावर. तंबाखूचा बार भरला की भूक मरते, झोप उडते. आम्ही त्याला व्यसन म्हणतो, तो त्याला हत्यार म्हणतो. तोंडात चट्टा पडला, तर उचल फिटेपर्यंत कोण दवाखाना बघणार? अन् तोंड तपासायचं शिबिर लावतात जानेवारीत. तेव्हा गावात कोण असतं? म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं.

भाचा : मग या लोकांसाठीही काहीतरी कमी घातक द्यावं ना. स्वीडनमध्ये लोक ओठाखाली स्नुस नावाची तंबाखू ठेवतात. तिथं ओढणारे अगदी थोडे उरलेत.

मामा : त्यांची तंबाखू वाफवून शुद्ध केलेली, घातक नायट्रोसमाइनं कमी केलेली. आपल्या माव्यात तंबाखू, चुना आणि सुपारी. सुपारी एकटी, तंबाखूशिवायसुद्धा, कर्करोग करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ साली तिला खात्रीनं कर्करोग करणाऱ्या वस्तूंच्या पहिल्या गटात टाकलं. सुपारीनं गालाच्या आतलं मांस ताठ होत जातं आणि तोंड उघडायचं कमी होतं. तीन बोटं उभी कर, अशी, अन् तोंडात घाल. गेली? तुझी जातात.

भाचा : माझा रूममेट आहे ना, गेवराईचा. मावा खातो. पाणीपुरी त्याच्या तोंडात मावत नाही, अर्धी बाहेर फुटते. आम्ही हसतो त्याला.

मामा : किती दिवसांपासून?

भाचा : वर्ष झालं असेल.

मामा : तिखट लागतं का त्याला? साधी भाजी झोंबते का?

भाचा : हो. मेसवाल्याशी भांडतो त्यावरून.

मामा : त्याला घेऊन ये. दिवाळीला आला असेल तर उद्याच. आधी मावा बंद, मग अंबाजोगाईला दंतविभागात दाखवू. ते ताठलेलं मांस पूर्ववत होत नाही, पण वाढायचं थांबवता येतं. त्यातल्या काहींना पुढं कर्करोग होतो, म्हणून नजर ठेवावी लागते.

भाच्यानं मोबाइल काढला आणि अंगणात जाऊन फोन लावला. तेवढ्या वेळात मामींनी डबी पुन्हा पदराला बांधली. मामांनी ते पाहिलं आणि काही बोलले नाहीत. या घरात त्या डबीवरून पूर्वी बरंच बोलून झालेलं असावं.

भाचा (परत येऊन) : येतो म्हणाला. पण मामा, माझं काय ते सांगा. ही टाकली आणि पुन्हा सिगारेटवर गेलो तर? न्यू इंग्लंड जर्नलचा २०१९ चा प्रयोग आहे, ब्रिटनमधल्या ८८६ जणांवर. वेप घेणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांची सिगारेट वर्षभर सुटलेली राहिली, निकोटीनचा गम किंवा पट्टी घेणाऱ्यांपैकी ९.९ टक्क्यांची. म्हणजे तुमच्या गमपेक्षा माझी वेप जवळजवळ दुप्पट चालली.

मामा : चालली. आणि सुटलेल्या त्या वेपवाल्यांतले ८० टक्के वर्षानंतरही वेप ओढतच होते. गम-पट्टीवाल्यांतले ९ टक्के गम-पट्टी वापरत होते. एकाला सिगारेट सुटली, दुसऱ्याला निकोटीन सुटलं. तू सिगारेटवर परत जाणार असशील, तर मी म्हणेन ही नळी बरी. हे डॉक्टर म्हणून बोलतो, कायद्याचं कायदा बघेल. पण शुक्रवारची आधी बंद कर. आणि या नळीला तारीख लाव. दोन मिलिग्रॅमचा निकोटीनचा गम कुठल्याही मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळतो. तो च्युइंगगमसारखा चावत बसायचा नाही. हळूहळू चावला, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचा.

मामी : म्हंजे आमच्या तंबाखूच्या गोळीवानी.

मामा : तशीच जागा. पण त्यात तंबाखू नाही, चुना नाही. तुलाही देतो आणून.

मामी : माझं पोट साफ झालं न्हाई म्हंजे?

मामा : त्याचं दुसरं औषध देतो. भूक मारायचं औषध मात्र माझ्याकडं नाही, ते टोळीवाल्यांना काय देऊ?

याचं उत्तर भाच्याकडंही नव्हतं. नळी त्यानं टाकली नाही, सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली. माझा निकाल विचाराल, तर रोज सिगारेट ओढणारा आणि दुसऱ्या कशानंच न सुटणारा माणूस पूर्णपणे वेपवर आला, तर त्याचं नुकसान कमी होतं, हे भाच्याचं म्हणणं मला पटतं. दोन्ही ओढणाऱ्याला त्याचा फायदा नाही. ज्यानं आजवर काहीच ओढलं नाही, अशा बारावीच्या पोरानं ती नळी हातात घेण्याला माझ्याकडं एकही कारण नाही. आणि माव्याच्या पुडीवर या सगळ्या वादाचा काडीचाही परिणाम होत नाही.

हे वाचणाऱ्यांत कुणी मुकादम असेल, टोळीत जाणाऱ्या कुणाचा मुलगा-मुलगी असेल, तर एक करा. गाडी भरण्याआधी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तीन उभी बोटं तोंडात घालून बघायला सांगा. बोटं जात नसतील, गालात पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर फडावर जाण्याआधी बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाई गाठा. आणि ओढायची असो, खायची असो की लावायची, तंबाखू सोडायला मदत हवी असेल, तर १८००-११-२३५६ या क्रमांकावर फोन करा. तो तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो आणि फोनला पैसे पडत नाहीत.